लोणी देवकरला अडलेली मेंढरं

तात्या, मी दोन वर्षं एका ठार बहिऱ्या माणसाला विचारून साउंड कार्डं बदलत होतो.

चूक माझी. ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं तुमच्याशी भांडायला तोंड मोकळं राहील. कारण धोंडीबाआबांना ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या घरात ठाऊक होतं, त्यांच्यासोबत तुमच्या ओवीला झील धरणाऱ्या दोघांना ठाऊक होतं, आख्ख्या बावडा गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बारामतीच्या एका शहाण्याला. आणि त्या शहाण्याला ते कळलं तुमच्या दहाव्याला, नीरेच्या काठावर, तुम्ही भांडायला शिल्लक नसताना. ही काय रीत झाली?

तुम्ही पहिल्यांदा आलात ते पाण्याची जळालेली मोटार घेऊन. माझा धंदाच तो, जळक्या मोटारीत नवी तार भरायचा. गाणी रेकॉर्ड करायचा नाद दुकानामागच्या दोन खोल्यांत चालतो. मोटार भरून झाली, मी ती टेबलावर चालू करून दाखवली, आणि तिच्या घुमण्यावर तुम्ही डोळे मिटून ओवी धरलीत. नीट ऐकावं म्हणून मी मोटार बंद केली, तर तुम्हीही बंद.

"बंद कशापाय केलीस? चांगला सूर धरला हुता की तिनं."

त्या दिवसापासून तुम्ही मला इंजिनेर म्हणायला लागलात, आणि तुमच्यामुळं आबाही. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला ही पदवी कुठल्या विद्यापीठानं दिली नसती. मी हुरळलो. हुरळलेल्या माणसाच्या हातून जे होतं, ते सगळं पुढं झालं.

तुमची ती मुक्कामाची ओवी. पणज्यानं दिवाळीनंतर बावड्यातून मेंढरं काढली आणि घाट उतरून कोकणात नेली, त्या वाटेवरचा एकेक मुक्काम म्हणजे एकेक ओवी. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या माळावर लांडगा, पणदऱ्यात खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवली आणि त्या घरच्या बाईनं काय रांधून घातलं, कुठं कोकरू जन्मलं. तुमच्या वडिलांनी ती तुम्हाला दिली, त्यांना त्यांच्या वडिलांनी. तुमच्या पोरांना लोणी देवकरच्या कारखान्यातल्या तिन्ही पाळ्या पाठ आहेत, ओवी नाही. "माझ्यासंगट जाणार बग ही," असं तुम्ही चहात खारी बुडवत म्हणालात, उद्याच्या एसटीची वेळ सांगावी तसं. मी छातीवर हात मारून म्हणालो, "तात्या, जाऊ देत नाही. मी धरून ठेवतो."

धरून ठेवतो म्हणे! मोटारीच्या तारेचं टोक धरून ठेवावं तसं.

आता ओवीची गंमत अशी, की ती एकट्याची नसतेच. तुम्ही ओळ म्हणायची, आणि शेवटचा शब्द तुमच्या तोंडातून पुरता सुटायच्या आत झीलकऱ्यांनी तो उचलून परत फेकायचा. झीलकरी तिघं, त्यात आबा म्होरके, ढोलही त्यांच्याच गळ्यात. चाळीस वर्षं तुमच्यासमोर उभं राहून झील धरलेला माणूस. बावड्यापासून इंदापूरपर्यंत ओवी डुलत जाते, मेंढरं चरत चरत जातात तशी. लोणी देवकरच्या माळावर लांडगा येतो आणि तिथून चाल पळायला लागते. तिथं झील जराशी जरी मागं पडली तरी सगळा कळप विस्कटतो.

माझ्याकडं ती दरवेळी मागं पडायची.

तुम्हाला मी आतल्या खोलीत घातलं होतं, दार लावून. आबांना आणि त्या दोघांना बाहेरच्या खोलीत, ढोलासकट. का, तर ढोलाचा आवाज तुमच्या माइकात शिरू नये. दोन्हीकडं हेडफोन. तुमचा आवाज माइकातून साउंड कार्डाच्या डबीत, डबीतून कॉम्प्युटरात, तिथून परत डबीत आणि मग आबांच्या कानात. या येरझाऱ्यांत उशीर होतो. तो तुम्हाला समजावताना मी साखर कारखान्याचा वजनकाटा मध्ये आणला होता, आठवतं? उसाच्या ट्रॉल्या एकेक करून काट्यावर घेतल्या तर कुणी खोळंबत नाही, पण काट्यावरच्या माणसाचा जीव जातो. दहा जमवून घेतल्या तर त्याला सोपं, पण पहिली ट्रॉली उगाच ताटकळते. कॉम्प्युटरही आवाजाच्या अशाच ट्रॉल्या जमवतो, त्याला बफर म्हणतात. बफर लहान केला की उशीर कमी, पण मशीन दमतं आणि आवाज तडतडायला लागतो. चांगलं कार्ड म्हणजे लहान बफरवरही न दमणारं.

तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजी काट्यावरचा माणूस बदलाय पायजे."

बदला म्हणालात, तात्या. तुम्ही!

पहिली डबी इंदापूरच्या एका बँडवाल्याची, जुनी. तिला एक बटण होतं. ते दाबलं की आवाज कॉम्प्युटरात न जाता माइकातून सरळ हेडफोनात. म्हणजे उशीर नाहीच. मी बटण दाबलं, तरी झील मागंच. दुसरा कुणी असता तर तिथंच ओळखून गेला असता, की काट्यावर न थांबताही ट्रॉली उशिरा येतेय तर घोटाळा काट्यात नाही. मी काय निष्कर्ष काढला? बटण खराब आहे.

म्हणून दुसरी डबी. नवीकोरी, चार माइकांची. मग तिची वायर बदलली. मग हेडफोन बदलले. मग आबांच्या पटक्यावर संशय घेतला, कारण ते पटका काढायला तयार नव्हते आणि हेडफोन त्याच्यावरूनच चढवावे लागायचे. मग तिसरी डबी मागवली, जिच्याबद्दल इंटरनेटवर परदेशी माणसं डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. तिची पिन माझ्या कॉम्प्युटरला बसणारी नव्हती, म्हणून ती येण्याआधीच पिनेपायी नवा कॉम्प्युटर घेऊन ठेवला. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे असतात हे ऐकून होतो. मी तबेला बांधला.

आणि परीक्षक कोण? आबा. प्रत्येक बदलानंतर मी बाहेरच्या खोलीत जायचो, त्यांच्या पटक्यावरून हेडफोन नीट बसवायचो, आणि हातानं 'कसंय' अशी खूण करत विचारायचो, "आबा, आता?"

"झ्याक!"

बफर निम्म्यावर आणायचो. "आता?"

"लय झ्याक!"

मी वहीत लिहायचो. बफर एकशेअठ्ठावीसला झ्याक, चौसष्टला लय झ्याक. ती वही अजून आहे. साउंड कार्ड निवडण्यासाठी इतक्या काळजीनं केलेल्या नोंदी अख्ख्या बारामती तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं नसतील. आणि अभिप्राय कुणाचा, तर ज्याच्याशेजारी सुतळी बॉम्ब फुटला तरी जो चहाच मागेल त्याचा.

एकदा तर हेडफोनची पिन निघून जमिनीवर पडली होती. आबा मान डोलवत म्हणाले, "आता कसं, शेजारी बसल्यागत येतंय!" मला वाटलं, म्हातारं माणूस, माझं मन राखतंय. मी गहिवरलो, तात्या. पिन उचलून खोचली आणि त्यांच्या पाया पडलो.

तुम्ही दार किलकिलं करून बघत होता आणि हसत होता. बाकीचं सगळं मला माफ करता येईल. ते हसू नाही.

दाराचं भांडण तर आपलं अर्धंच राहिलं. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "इंजिनेर, त्ये मधलं दार काडता यील का?" मी म्हणालो, आवाज एकमेकांत मिसळतील. दुसऱ्यांदा म्हणालात, "निदान काच तरी बशीव." मी म्हणालो, काचेवर आवाज आपटून परत येतो, आणि तुम्हाला चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तिसऱ्यांदा तुम्ही चिडलात.

"दाराआड बसून ओवी म्हणाय मी काय चोर हाय व्हय? माणसाचं तोंड दिसाय नगं?"

"तात्या, तोंड रेकॉर्ड होत नाही," मी म्हणालो.

केवढा खूश झालो होतो मी त्या वाक्यावर. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांना ऐकवलं.

तुम्ही उठलात, खांद्यावरचं घोंगडं काढलंत, आणि दाराखालच्या फटीला लावून दिलंत. मला आवाज अडवायचा होता ना, म्हणून. ते घोंगडं तुम्ही परत नेलंच नाहीत. तेव्हा मी त्याला तुमचा मोठेपणा म्हणालो होतो. आता काय म्हणू? फसवलंत, आणि वर फट बुजवायला मदत केलीत.

दर पंधरा दिवसांनी तुम्ही चौघं एसटीनं यायचात, ढोल मांडीवर घेऊन. दर खेपेला मेंढरं बावड्यातून निघायची, इंदापूर ओलांडायची, लांडगा यायचा, झील मागं पडायची, आणि मी ओरडायचो, "थांबा, थांबा, उशीर होतोय!" ज्या माळावर आता तुमची पोरं पाळीला जातात, त्या माळावर तुमच्या पणज्याचा कळप मी दोन वर्षं ताटकळत उभा केला. एकदाही म्हणालो नाही, की चुकू दे तात्या, तुम्ही आपले कोकणापर्यंत जा. चुकलेली ओवी मला नको होती. मला कुठलीच मिळाली नाही.

तिसरी डबी आली त्या दिवशी खोकं फोडायच्या आधी मी तुम्हाला फोन लावला. उचलला तुमच्या मंडळींनी, काकींनी. त्यांना बोलूही न देता मी ओरडलो, "काकी, तात्यांना सांगा, उशीर संपला!"

त्या म्हणाल्या, "त्ये सकाळीच गेलं, इंजिनेर."

मी विचारलं, "कुठं?"

याहून मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारलेला नाही, आणि त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

दहाव्याचे विधी उरकले, माणसं काठानं पांगली. आबा नदीकडं तोंड करून एकटेच उभे होते. मी मागून म्हणालो, "आबा, चला, जेवून घ्या." हलले नाहीत. मोठ्यानं हाक मारली, तरी नाही. वाटलं, दुःखात आहेत. तिसऱ्यांदा मी जी आरोळी ठोकली, तिनं पलीकडच्या काठावर धुणं धुणारी बाई उठून उभी राहिली. काकींनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"वरडू नगा. त्यांला ऐकू येत न्हाय."

"कधीपासून?"

"झाली की पाच-सा वर्सं." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला ठावं न्हवतं? दोन वर्सं त्येंच्या कानाला डबडी लावत हुता न्हवं तुमी?"

"मग तात्या मला बोलले का नाहीत?"

"बोलायचंच न्हाय आसं ठरल्यालं. आबांला वाटतं कुणाला कळलं न्हाय. ह्येंनी समद्यास्नी दम भरला हुता. त्येंच्याम्होरं जाऊन बोलायचं, मागनं हाक मारायची न्हाय, आन वरडायचं तर बिलकूल न्हाय. जत्रंला बोलवणारी म्हणाय लागली आस्ती, भयरा झीलकरी कशाला आणलाय. आबा घरी बसलं आस्तं." पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मग ह्येंनी तरी कुणाम्होरं म्हणायचं?"

तेव्हा सगळं उलगडलं. समोरासमोर असताना आबा तुमच्या ओठांवरून झील उचलायचे. माझ्या खोलीत तुमचे ओठ दाराआड. म्हणून ते बाकीच्या दोघांची तोंडं बघायचे. आणि ते दोघं, म्होरक्याच्या आधी कसं धरायचं म्हणून, आबांच्या तोंडाकडं बघत थांबायचे. असा तिघांचा खोळंबा, आणि मी बफर लहान करतोय.

तुम्ही आबांची अब्रू राखलीत. त्यासाठी ओवी घालवलीत, आणि माझा तर फुटबॉल केलात. पायरीवर बसून एक शब्द सांगायचा होता, तात्या. मी कुणाला सांगणार होतो?

इथं लिहिता लिहिता थांबलो होतो. कारण खरं उत्तर मला माहीत आहे. सांगितलं असतं. दुसऱ्याच दिवशी, चार गिऱ्हाइकांना, हावभाव करून. हे तुम्ही ओळखलं होतंत, आणि तेच मला जास्त लागलंय. दोन वर्षं माझ्या हातचा चहा प्यालात, मला पदवी दिलीत, पण एवढ्या एका गोष्टीपुरता तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता. आणि बघा, आता ते मी छापायलाच देतोय. आबांना वाचता येत नाही. कुणाला वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. फक्त त्यांच्या पाठीमागं उभं राहून.

एक गोष्ट मात्र आता आठवत राहते. तुम्ही माझ्याशीही नेहमी समोर येऊन बोलायचात. मोटारीत डोकं घालून बसलो असलो तर मी वर बघेपर्यंत थांबायचात. मला वाटायचं, केवढी ही अदब. आबांपायी लागलेली सवय होती ती. असू दे. आयुष्यात माझ्याशी इतकं समोर येऊन दुसरं कुणी बोललेलं नाही. त्याबद्दल तुमचे उपकार मानतो आणि तरीही रागावलेलाच राहतो. दोन्ही एकदम जमतं, असा माझा अनुभव आहे.

आता काय उरलंय ते सांगतो. माझ्या मशीनमध्ये बावडा ते लोणी देवकर, पुन्हा पुन्हा, खणखणीत. पुढचं काही नाही. मी आबांसमोर जाऊन, तोंड नीट उघडून विचारलं, "पुढची ओवी येते का तुम्हाला?"

"मला झील येती," आबा म्हणाले. "वळ तात्याची."

वळ म्हणजे ओळ, आणि झील म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द. सगळ्या वाटेचे शेवटचे शब्द त्यांच्याकडं आहेत. त्यांनी ते तिथंच, बोटांवर मोजत म्हणून दाखवले. पणदऱ्याला 'भाकर'. मग 'काठी'. मग 'धुकं'. घाटात 'हळू', पुन्हा 'हळू'. मग 'कोकरू'. कोकरू कुणाचं, कुठल्या मुक्कामाला, त्याचं पुढं काय झालं, ते तुमच्याबरोबर गेलं.

निदान ती शेपटं तरी धरावीत म्हणून गेल्या आठवड्यात मी मधलं दार बिजागऱ्यांसकट काढलं. आबांना सांगितलं, वाळवी लागली होती. दारासारखं दार, सागवानी, त्याला वाळवी! ते ओठांकडं बघत होते, मग त्यांनी दाराकडं बघितलं. तुमचं घोंगडं त्यांना बसायला अंथरलं. हेडफोन पटक्यावर चढवले, पिनसुद्धा प्रामाणिकपणे खोचली. तिसऱ्या डबीचं खोकं अजून तसंच आहे. बँडवाल्याची जुनी डबी लावली आणि ते बटण दाबलं. बटण चांगलं चालतं, तात्या. पहिल्या दिवसापासून चालत होतं.

पण आबांना झील धरायची तर समोर कुणाचं तरी तोंड पाहिजे. म्हणून मीच त्यांच्यासमोर बसलो. माझ्या कानात मशीनमधला तुमचा आवाज, आणि मी नुसते ओठ हलवायचे, तुमच्यासारखे. आबांनी ढोलावर हात टाकला. मेंढरं बावड्यातून निघाली. पहिली झील आबांनी अलगद उचलली. इंदापूर झालं. मला वाटायला लागलं, आज जाणार मेंढरं पुढं. मग लांडगा आला, चाल पळायला लागली, आणि तुमचा शब्द कानात पडून माझ्या ओठांवर येईपर्यंत पुढचा शब्द येऊन धडकायला लागला. मी घामाघूम झालो. तोंड वाकडंतिकडं करत मागनं धावत होतो.

आबांनी ढोलावर पंजा दाबून तो बंद केला. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"इंजिनेर, तुजं तोंड लय मागनं येतंय. ऊठ तितनं, आन तात्याचा फोटू ठिव. त्येचं तोंड हालत न्हाय, पर मागनं तरी येत न्हाय."